स्प्रिंग कापण्याआधी खालचा आर्म बघा

या चर्चेत वर एकांनी गाडी खाली घ्यायला सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा एक वेढा कापायला सांगितलंय, म्हणजे गाडी वळणावर झुकत नाही. नका हो करू! मी जुन्या स्विफ्टवर हे करून बसलोय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असलेली गाडी जास्त खाली घेतली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा आडवा दांडा, चाकाच्या बाजूला वर चढलेला दिसतो. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली सरकतं, दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला झुकवणारा जोर उलट वाढतो. टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडतो तो वेगळाच.

दुसरं म्हणजे आपले रस्ते. दर्यापूर-अकोट पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशाच एका वळणावर माझा शॉकअप बंपस्टॉपवर (दबायची हद्द संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळला आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडी सरळच निघाली, थेट कपाशीच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत). नंतर रबरी बूट वर सरकवून शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधली, एक फेरी मारली. टाय पार वरपर्यंत ढकललेली, म्हणजे ट्रॅव्हल (शॉकअपला दबायला जागा) शिल्लकच नव्हता. रेसिंग ट्रॅकवर जायचं असो की नसो, ही तपासणी आधी करा, खर्च त्यानंतर.