मदत हवी आहे: घरच्या डेमोंसाठी वेबसाईट केली, ऑर्डर एकही नाही

रेवा_कर्वेनगर (२६ डिसेंबर, रात्री ११:१२)
नमस्कार. घाईत लिहितेय, समजून घ्या. मी घरोघरी डेमो करून सेल करते. दिवाळीआधी चांगले पैसे मोजून वेबसाईट करून घेतली. आजतागायत तिच्यावरून एक ऑर्डर नाही. डेमोच्या पार्टीत बायका भरभरून बोलतात, कार्ड घेतात, 'साईटवर बघते हं' म्हणतात आणि विषय संपतो. संक्रांत तोंडावर आलीय. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांचा सीझन असतो, तो असाच घालवायचा नाहीये. साईटवरून ऑर्डर यायला नक्की काय करायचं? 'धीर धरा' कृपया कुणी सांगू नका. जाणकारांनी लवकर लिहा.

खादाड_बोका (२६ डिसेंबर, रात्री ११:२०)
विकता काय?

निमिष_आयटी (२६ डिसेंबर, रात्री ११:३४)
साईट वर्डप्रेसवर आहे की आणखी कशावर? एसईओ, म्हणजे सर्चमध्ये साईट वर दिसावी म्हणून करायची कामं, केलंय का? गूगल सर्च कन्सोल जोडलंय का? लिंक नाही, मालाचं नाव नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यातला प्रकार झाला हा.

सुलभाकाकू (२७ डिसेंबर, सकाळी ६:५०)
अगं रेवा, वेबसाईट कशाला हवी? आम्ही सहकारनगरात वर्षानुवर्षं डबे विकले ते एका वहीवर. कुणाकडे कधी डेमो, कुणी काय घेतलं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, सगळं त्या वहीत. लग्न ठरलं कळलं की आठवड्याच्या आत फोन करायचा, रुखवतासाठी सेट हमखास जायचा. वही कर.

रेवा_कर्वेनगर (२७ डिसेंबर, सकाळी ९:०५)
काकू, वही आहे माझ्याकडे. प्रश्न साईटचा आहे.
@बोका, डेमो म्हटलं की कुकवेअरच असणार ना! स्टीलची जाड बुडाची भांडी. बिनतेलाच्या बटाट्याच्या काचऱ्या करून दाखवते, त्यावर बायका फिदा असतात. सोबत हवाबंद डबे. कंपनीचं नाव इथे घेत नाही.
@निमिष, कन्सोल वगैरे माहीत नाही. भावाच्या मित्राने करून दिलीय. लिंक इथे टाकली तर जाहिरात म्हणून धागा उडेल, हवी असेल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

परखड_पुणेकर (२७ डिसेंबर, सकाळी ९:४०)
म्हणजे चेन मार्केटिंग. स्पष्ट सांगा की. आधी भांडी, मग 'तुम्ही पण जॉईन व्हा'. आमच्या सोसायटीत या प्रकाराने दोन घरांचं बोलणं बंद झालंय. वेबसाईट बंद करा, सुखी राहाल.

रेवा_कर्वेनगर (२७ डिसेंबर, सकाळी ९:५२)
मी कुणाला जॉईन करवत नाही. भांडी विकते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असेल तर द्या.

हिशेबनीस (२७ डिसेंबर, सकाळी १०:३०)
@परखड, सगळ्यांना एकाच पारड्यात तोलू नका. थेट विक्रीसाठी २०२१ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम आले. पिरॅमिड योजनेला त्यात सरळ बंदी आहे, आणि जॉईन व्हायचे म्हणून पैसे घेता येत नाहीत. कंपनी आणि विक्रेता यांच्यात लेखी करार लागतो. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय विक्रेत्याने कुणाच्या दारात जायचं नाही, हेही त्यातच आहे.

रेवाताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. ग्राहकाचं बिल कोण फाडतं? कंपनी फाडत असेल तर तुमचं उत्पन्न म्हणजे कमिशन, ती सेवा धरली जाते आणि जीएसटीची मर्यादा २० लाख. माल तुम्ही विकत घेऊन तुमच्या बिलावर विकत असाल तर महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख. पण वेबसाईटवरून बेळगावच्या मावशीने तुमच्याकडून कढई मागवली आणि तुम्ही तुमच्या बिलावर पाठवलीत, तर ती आंतरराज्य विक्री. तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी. साईटवर 'ऑल इंडिया डिलिव्हरी' असं लिहिलं असेल तर आधी ते बघा.

रेवा_कर्वेनगर (२७ डिसेंबर, सकाळी १०:४१)
लिहिलंय. :( ते त्या मुलाने आपणहून टाकलं. बिल कंपनीचंच असतं. कंपनीने माझ्या नावाचं एक पानही दिलंय, तिथून कुणी घेतलं की विक्री माझ्या खात्यात धरतात.

मृण्मयी_वारजे (२७ डिसेंबर, दुपारी १२:१५)
थांबा थांबा. कंपनीचं पान वेगळं आणि तुमची साईट वेगळी? मग ऑर्डर नक्की कुठे करायची, हे बघणाऱ्या बाईला कळतं का? लिंक व्यनि करा, बघून सांगते.

केकवाली_अनघा (२७ डिसेंबर, दुपारी १२:४८)
माझा अनुभव सांगते. वेबसाईट अजिबात चालत नाही, इन्स्टाच चालतं. मी रीलमध्ये क्रीम फिरवताना नुसता हात दाखवते, चेहरा नाही. त्यावरून बाणेर-औंधच्या ऑर्डरी येतात. तुम्ही पण काचऱ्यांचं रील करा. आणि एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थ विकायचं) रजिस्ट्रेशन विसरू नका!

खादाड_बोका (२७ डिसेंबर, दुपारी १:०२)
कढईला एफएसएसएआय? काचऱ्या पण विकणार आहेत का? (हलके घ्या.)

मृण्मयी_वारजे (२७ डिसेंबर, दुपारी ३:२०)
साईट पाहिली, मुद्दाम मोबाईलवर. तुमच्या बायका मोबाईलवरच बघणार.

उघडायलाच खूप वेळ लागला. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा. मग वर 'वेलकम टू अवर वेबसाईट', खाली कंपनीचा इतिहास, मिशन, व्हिजन. सगळं इंग्रजीत. तुम्ही पुण्यातल्या कुठल्या भागात डेमो करता, कुठे लिहिलेलं नाही. फोन नंबर शेवटी, तोही चित्रात, म्हणजे बोट ठेवून फोन लागत नाही. कार्टमध्ये कढई टाकली तर पुढे पैसे भरायचं पानच नाही. आणि घराचा पूर्ण पत्ता मात्र फ्लॅट नंबरसकट! तो आजच काढा.

खरा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या साईटवर अनोळखी माणूस येऊन इतकी महाग कढई घेईल हे डोक्यातून काढा. भांडी म्हणून गूगल केलं की बड्या दुकानदारांच्या साईट्स वर येतात, त्यांच्यापुढे आपला टिकाव लागत नाही. साईट लागते ती पार्टीला येऊन गेलेल्या बाईला. ती घरी जाते, नवऱ्याला दाखवायचं म्हणते, त्या मापाचं नाव आठवत नाही, किंमत आठवत नाही, कार्ड पर्समध्ये तळाला गेलेलं असतं. तिला दुसऱ्या दिवशी काय दिसायला हवं, तेवढंच साईटवर ठेवा.

म्हणजे प्रत्येक पार्टीचं एक साधं पान. 'शनिवारचा डेमो, कर्वेनगर', त्यात तुम्ही जी सहा-सात भांडी दाखवलीत तेवढीच, लिटरमध्ये माप, किंमत, आणि खाली दोन बटणं. एक कंपनीच्या तुमच्या नावाच्या पानावर नेणारं, दुसरं व्हॉट्सॅप उघडणारं, ज्यात मजकूर आधीच लिहिलेला असेल: 'मला अमुक कढईबद्दल विचारायचं आहे'. तशी डब्ल्यूए डॉट एमईची लिंक कुणालाही करता येते, फुकट. पानाची लिंक रात्रीच्या आत होस्टेसला, म्हणजे जिच्या घरी डेमो झाला तिला, पाठवा, ती तिच्या ग्रुपवर टाकेल. तुम्ही टाकलीत तर जाहिरात वाटते, तिने टाकली की शिफारस होते.

तुमचं कार्ट काढून टाका. पैसे कंपनीच्या पानावर भरू देत.

निमिष_आयटी (२७ डिसेंबर, दुपारी ४:०५)
असहमत. मग वेबसाईट कशाला, व्हॉट्सॅप बिझनेसचा कॅटलॉग पुरेल की. वेबसाईटचा फायदाच सर्चमध्ये आहे. नीट कीवर्ड टाका, ब्लॉग लिहा, सहा महिन्यांत रँक होईल.

मृण्मयी_वारजे (२७ डिसेंबर, दुपारी ४:१९)
सहा महिन्यांत संक्रांत संपून वटपौर्णिमा येईल हो. त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये काय लिहिलंय ते वाचा.

निमिष_आयटी (२७ डिसेंबर, दुपारी ४:२६)
वाचलंय. पण मग त्या ज्याला वेबसाईट म्हणतायत ते ब्रोशर आहे.

मृण्मयी_वारजे (२७ डिसेंबर, दुपारी ४:३१)
असू दे ब्रोशर. विकलं जातंय ना?

सुलभाकाकू (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०)
मृण्मयी म्हणते ती माझी वहीच झाली की मग!

आणि रेवा, एक सांगते. डेमोच्या दिवशी कढई कोणीही घेतं. खरी कसोटी चौथ्या दिवशी. फोन येतो, 'अहो, तुमच्या हातून काही चिकटलं नव्हतं, माझ्या काचऱ्या तळाला बसल्या.' तेव्हा तू उचलला नाहीस तर पुढच्या दहा घरांत तुझं नाव खराब.

रेवा_कर्वेनगर (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:३८)
काकू, अगदी! चिकटण्याचे फोन रोज येतात. कढई नीट तापू देत नाहीत. आधी कोरडी तापवायची, मग पाण्याचा थेंब टाकून बघायचा. चुर्र करून उडून गेला तर अजून तापायची आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तळावर घरंगळायला लागला की गॅस बारीक करायचा, थोडं थांबायचं आणि मग काचऱ्या टाकायच्या. पहिली दोन-तीन मिनिटं हलवायच्या नाहीत, त्या आपसूक सुटतात. हे प्रत्येकीला फोनवर सांगून घसा बसतो.

मृण्मयी_वारजे (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:४६)
हेच साईटवर टाका! 'भाजी चिकटतेय?' असं एक पान, मराठीत, थेंब घरंगळतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. कढईच्या डब्यात त्या पानाच्या क्यूआर कोडची चिठ्ठी. निमिष, तुमचं कीवर्डही यात आलं बघा. 'स्टीलच्या कढईला भाजी चिकटते' असं कुणी मराठीत शोधलं, तर तिथे या पानाला चान्स आहे.

निमिष_आयटी (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:५५)
हे मान्य.

चिकित्सक (२७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)
अवांतर: थेंब घरंगळतो त्याला लायडनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. जर्मन डॉक्टर होता, १७५६ साली त्याने यावर लिहिलं. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो, त्यामुळे पाणी धातूला टेकतच नाही. तवा साधारण २०० अंशांच्या आसपास गेला की हे दिसतं. तेवढ्या तापलेल्या भांड्यात लगेच तेल ओतू नये, धूर होईल. मी हाच प्रयोग डोशाच्या बिडाच्या तव्यावर करून पाहिला, तिथे...

खादाड_बोका (२७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३४)
काश्मीर झालं धाग्याचं. भरकटला विषय.

परखड_पुणेकर (२७ डिसेंबर, रात्री ८:१५)
काही म्हणा, मैत्रिणीला घरी बोलावून चहा पाजून माल गळ्यात मारणं मला पटत नाही. दुकानात जा, लक्ष्मी रोडवर डझनावारी दुकानं आहेत, हवं ते घ्या.

जुनी_डबेवाली (२७ डिसेंबर, रात्री ८:५०)
दुकानात काय होतं ते टपरवेअरच्या सुरुवातीला दिसलं की. अमेरिकेत ते डबे दुकानात पडून राहायचे, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हे लोकांना कळत नव्हतं. घरच्या पार्टीत करून दाखवलं तेव्हा खप वाढला, आणि १९५१ मध्ये कंपनीने दुकानातली विक्री बंदच केली. ते पार्टीचं तंत्र उभं केलं ब्राउनी वाइज या बाईने. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली बाई. तिथेही भांडं हातात घेऊन दाखवण्यावरच सगळं चालायचं. आपल्याकडे हे डबे १९९६ मध्ये आले, माझा पहिला सेट अजून फ्रीजमध्ये आहे.

परखड_पुणेकर (२७ डिसेंबर, रात्री ९:०४)
आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तेही लिहा.

जुनी_डबेवाली (२७ डिसेंबर, रात्री ९:१०)
सत्तर-ऐंशी वर्षं चालली हो. तुमच्या लक्ष्मी रोडवरची किती दुकानं तेवढी टिकली?

हिशेबनीस (२७ डिसेंबर, रात्री ९:४५)
मूळ विषयाकडे येऊ. रेवाताई, साईटच्या नावात कंपनीचं नाव आहे का? अनेक कंपन्यांच्या करारात असतं की डोमेनमध्ये (साईटच्या नावात) किंवा साईटवर आमचं नाव, बोधचिन्ह वापरायचं नाही, स्वतःच्या मनाने सूट जाहीर करायची नाही. तुमचा करार काढून वाचा. साईटचं नाव तुमच्या नावाचं असलेलं बरं, उद्या कंपनी बदललीत तरी गिऱ्हाईक तुमचंच राहतं. डोमेन तुमच्या ईमेलवर घेतलंय की त्या मुलाच्या, हेही तपासा.

रेवा_कर्वेनगर (२८ डिसेंबर, सकाळी १०:२०)
नावात कंपनी आहे. डोमेन त्याच्याच ईमेलवर. तो फोन उचलत नाहीये. करार वाचला, नाव वापरायला लेखी परवानगी लागते म्हणे. त्यापेक्षा नवीनच घेते, 'डॉट इन'. जुन्या साईटवरचा घराचा पत्ता उडवायचा कसा आता?

निमिष_आयटी (२८ डिसेंबर, सकाळी १०:५२)
वर्डप्रेसचं लॉगिन दिलंय का त्याने? असेल तर 'पेजेस'मध्ये जाऊन स्वतः पुसता येतो. नसेल तर व्यनि करा, बसून करून देतो. नवीन साईटला फार खर्च करू नका. पार्टीची पानं आणि ते चिकटण्याचं पान एवढंच असेल तर गूगल साइट्सवर फुकटात होतं, डोमेनचे वर्षाचे काही शे रुपये सोडले तर. फोटो चढवण्याआधी लहान करा, दोनशे केबीच्या आत. आणि गूगलवर बिझनेस प्रोफाईल काढा. तुम्ही लोकांच्या घरी जाता, त्यामुळे तिथे पत्ता लपवून नुसते भाग दाखवता येतात: कर्वेनगर, कोथरूड, वारजे.

रेवा_कर्वेनगर (२८ डिसेंबर, सकाळी ११:०३)
लॉगिन आहे! पत्ता गेला. शनिवारच्या डेमोचं पहिलं पान करतेय. ब्रॉडकास्ट लिस्टने सगळ्यांना लिंक पाठवू ना?

मृण्मयी_वारजे (२८ डिसेंबर, सकाळी ११:११)
ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणीच. म्हणून डेमो संपताना, चहा येईपर्यंत, सगळ्यांकडून तिथल्या तिथे नंबर सेव्ह करून घ्या. पान होस्टेसकडूनच जाऊ दे. आणि पानाच्या शेवटी तिसरं बटण: 'माझ्या घरी डेमो ठेवायचाय'. तुमचा सीझन त्या बटणावर आहे, कढईच्या ऑर्डरवर नाही.

नवी_सून (२८ डिसेंबर, दुपारी २:३७)
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या नॉनस्टिक तव्याचं कोटिंग निघालंय. पुण्यात पुन्हा कोटिंग करून कुठे मिळेल? शक्यतो सिंहगड रोडला.

खादाड_बोका (२८ डिसेंबर, दुपारी २:४१)
ताई, वेगळा धागा काढा.