नाडीपट्टीत वडिलांचं नाव निघालं! लोकांचा विश्वास बसतो तरी कसा?

तिखटमीठ (धागाकर्ता):
मागच्या महिन्यात मावशीला घेऊन एका नाडीकेंद्रात गेलो होतो. मावसबहिणीचं लग्न जमत नाहीये, पत्रिकेत मंगळ, आणि मावशीला कुणीतरी सांगितलेलं की तिथे ऋषींनी लिहून ठेवलेली आपली पट्टी निघते, त्यात आईवडिलांची नावंसुद्धा असतात. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, तासभर बसवलं, मग एक जण ताडपत्रांचा जुडगा घेऊन आला आणि एकेक पट्टी उलटत विचारायला लागला. रेकॉर्डिंग तेच देतात, म्हणून घरी येऊन निवांत ऐकलं.

"वडिलांचं नाव तीन अक्षरी?" नाही. "चार?" हो. "विष्णूचं नाव?" नाही. "शंकराचं?" हो. "शेवटी व येतो?" हो. "महादेव?" नाही. "मग ही पट्टी तुमची नाही, पुढची बघू." आणि पुढच्या पट्टीत निघालं सदाशिव! मावशीच्या डोळ्यात पाणी.

एकूण 46 प्रश्न मोजले, त्यातली 31 उत्तरं 'नाही'. मावशीला त्यातलं एकही आठवत नाही. गंमत बघा, चुकलं की पट्टी चुकीची, बरोबर आलं की ऋषी बरोबर. वाचणारा माणूस कुठेच चुकत नाही. माझं म्हणणं, भविष्य सांगणारा सांगतो थोडं, बाकी सगळं आपलंच डोकं भरून घेतं. मावशी 30 वर्षं बँकेत हिशोब बघत होती, ती काय बावळट नाही.

शेवंती:
तुमच्या मावशीचं असेल तसं, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आम्हाला एका गुरुजींनी, पैसे न घेता बरं का, सांगितलेलं की दिवाळीपर्यंत यजमानांना पाण्यापासून जपा. नवरात्रात हे बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. आता याला काय म्हणायचं?

हुकलेली एसटी:
ताई, ते लवकर बरे होवोत, पण नदीला गेले असते तरी पाणीच, कावीळ झाली असती तरी दूषित पाणी, न्यूमोनिया झाला असता तर छातीत पाणी. आणि काहीच झालं नसतं तर तुम्ही म्हणाला असतात, सांगितलं म्हणून जपलो. गुरुजी कुठल्या दाराने हरणार ते सांगा.

शेवंती:
तुमच्या घरात घडलं की बोलू.

अर्धा_कप:
मानसशास्त्र शिकतेय म्हणून लिहिते. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, नंतर प्रत्येकाला 'हा तुझा रिपोर्ट' म्हणून कागद दिला आणि विचारलं, 5 पैकी किती जुळतं? सरासरी आली 4.26. कागद सगळ्यांना एकच होता, आणि वाक्यं पेपरस्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. आपल्याकडची वाक्यं आठवा, 'मन साफ आहे पण बोलणं फटकळ', 'सगळ्यांसाठी करता पण हाताला यश नाही', 'पैसा येतो पण टिकत नाही'. कुणाचा टिकतो हो?

आणि सांगणारे सगळे लबाड असतात असंही नाही. रे हायमन नावाचे मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात बघायचे आणि त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसत चाललेला, कारण लोक म्हणायचे तंतोतंत बरोबर. एका मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी रेषा जे म्हणतात त्याच्या बरोब्बर उलटं सांगून पाहिलं. तरी लोक तितकेच खूश.

दशमेश:
परदेशातली उदाहरणं पुरे. शास्त्र गहन आहे, भोंदू लोकांवरून त्याची परीक्षा करू नका.

हुकलेली एसटी:
मग इथलं घ्या. 2008 साली जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे, नरेंद्र दाभोलकर यांच्यासोबत महाराष्ट्रातच चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40, फक्त सांगायचं कोणती कुठल्या गटातली. नाणं उडवलं तरी 20 बरोबर येणार, पास व्हायला 28 हवेत. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के आणि सगळ्यात हुशार गडी 24 वर. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 बघितल्या, 102 बरोबर.

दशमेश:
ती चाचणी माहीत आहे. बुद्धी नुसत्या जन्मकुंडलीवरून ठरत नाही, समोर जातक, म्हणजे ज्याची पत्रिका तो माणूस, लागतो, प्रश्न विचारावे लागतात.

हुकलेली एसटी:
तेच तर धागाकर्ता म्हणतोय! 46 प्रश्न!!

कपाशीवाला:
तुम्ही शहरातले लोक विश्वास म्हणजे डोळे मिटून विश्वास असं धरून चालता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल करून धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, वर घागर, रात्रभर तिथं कोणी जात नाही अन् पहाटे निरीक्षण करून पीकपाणी सांगतात. मी लहानपणापासून बाबांसोबत जातो. पण त्यावर विसंबून कोणी पेरलं का? बाबा भाकीतही ऐकायचे, हवामान खात्याचंही ऐकायचे, अन् पेरायचे शेजाऱ्यानं तिफण काढली की. पावसाचं काही हातात नसते, पैसे तर उसने आणलेले असतात, मग एक रात्र चार गावचे लोक सोबत बसून वाट पाहतात, त्यात काय बिघडलं?

अर्धा_कप:
हे पटलं. हातात काही नसतं तिथेच हे सगळं उगवतं. पगाराची तारीख कुणी ज्योतिषाला विचारत नाही.

तिखटमीठ:
कपाशीवाला, घटमांडणीला तिकीट नाही, इथे आहे. पहिल्या कांडाचे (कांड म्हणजे प्रकरण) पैसे वेगळे, मुलाबाळांच्या कांडाचे वेगळे, आणि मग निघतं शांती कांड, म्हणजे मागच्या जन्मीचं पाप आणि त्याचा तोडगा. मावशीला 21 हजारांचा तोडगा निघालाय.

वरची_आळी:
पण तुमच्यापैकी कुणी मावशीचं अर्धा तास ऐकून घेतलंय का? मुलीचं लग्न हा विषय काढला की घरात सगळे मोबाईल बघतात. तो माणूस निदान समोर बसून तिच्याबद्दल बोलला. मी स्वतः घटस्फोटाच्या वेळी एका पत्रिकावाल्या बाईंकडे जायचे. भविष्य एक चुकलं, एक बरोबर आलं, पण 'ही दशा मार्चमध्ये संपते' या वाक्यावर मी मार्चपर्यंत तग धरला. खोटं होतं, माहितीये.

तिखटमीठ:
हे लागलं. उद्या जातो तिच्याकडे.

तिखटमीठ:
अपडेट. काल गेलो, जेवलो, आधी तिचं सगळं ऐकलं, मग रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक 'नाही'ला एकेक बोट दुमडून मोजत होतो. मावशीने पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बघ ना, मी एवढं नाही नाही म्हणत होते, तरी त्याने शोधून काढलंच."