दुधाची दाढ पडणारच आहे, मग भरायची कशाला?

चिऊची_आई: लेक साडेचार वर्षांची. खालच्या मागच्या दाढेला तपकिरी खड्डा पडलाय. पोळीचा तुकडा अडकला की बोट घालून रडत बसते. सासूबाई म्हणतात, "दुधाचे दात, पडतीलच. लवंग लाव." रात्री अजून दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपते (हो, माहितीये, सोडवायचीये). काय करू?

गवतीचहा: पुढचे दात ६-७व्या वर्षी पडतात, पण मागची दाढ १०-१२ पर्यंत लागते! आम्हीही माझ्या मुलाची तशीच ठेवली. एका रात्री गाल टम्म सुजला, दाढ काढावीच लागली. वर, मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकू नये म्हणून तारेची कडी बसवली, ती तो सारखा जिभेने हलवायचा. लवंगेने ठणका थांबतो, कीड नाही.

दातकोरणे: दंतवैद्य आहे. बाटलीच मूळ. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं आणि जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ नको. ब्रश तुम्ही फिरवा, तिला जमणार नाही. खड्डा उथळ असेल तर एका बैठकीत भरून होतो.

चिऊची_आई: उद्या संध्याकाळची वेळ मिळाली. सासूबाईही येतायत, डॉक्टरांना लवंगेचं विचारायला.