मदत हवी आहे: १९६५च्या युद्धातला यशवंतराव आणि सेनाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार

नमस्कार मंडळी,

मी कराडचा. आमच्या वाचनालयात १९६५च्या युद्धावर छोटं प्रदर्शन लावायचं चाललंय. रणगाड्यांचे फोटो हवे तेवढे मिळतात. मला हवेत ते कागद: संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि सेनाधिकारी त्या दिवसांत एकमेकांना काय लिहीत होते?

आपल्याकडे ही गोष्ट १९६२मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हाच्या 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' इथे सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. खरी कसोटी पुढे लागली. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्ताननं जम्मू भागातल्या छांबवर हल्ला केला. दुपारनंतर लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग यशवंतरावांना भेटले, विमानं वापरायची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली आणि दिवस मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. केवढी जबाबदारी घेतली माणसानं!

पण मला जास्त शोध आहे तो पंजाबच्या सीमेवरल्या खेमकरणच्या लढाईच्या दिवसांचा. सैन्य बियास नदीच्या मागे घ्या, असं लष्करप्रमुख चौधरींनी सांगितलं आणि आपण ते मानलं नाही, असं पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांनी पुढे आठवणींत लिहिलंय. नंतर खेमकरणजवळच्या असल उत्तर गावी पाकिस्तानी रणगाड्यांचा कसा धुव्वा उडाला ते आपण जाणतोच. हा मतभेद मंत्र्यांपर्यंत कधी पोचला, कुणी पोचवला? कमांडप्रमुखाचा कागद सहसा लष्करप्रमुखांमार्फतच वर जातो, त्यामुळे अर्धशासकीय पत्र असो की फाईलवरचं टिपण, काहीही चालेल.

यशवंतरावांची युद्धकाळातली रोजनिशी त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुस्तकरूपात आणली, ती वाचली आहे. तिच्यात एकच बाजू येते, मला समोरच्याचं उत्तरही बघायचंय. इथल्या वेणूताई चव्हाण स्मारकातल्या यशवंतरावांच्या ग्रंथसंग्रहात चौकशी करणारच आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९६५च्या संरक्षण खात्याच्या फाईली कुणी प्रत्यक्ष पाहिल्यात का? २५ वर्षांहून जुने युद्धविषयक कागद तिकडे सोपवायचं धोरण २०२१मध्ये आलंय. माहिती अधिकारात २० वर्षांपूर्वीची माहिती मागता येते, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही आहे. असा अर्ज कुणी केला असेल तर काय उत्तर आलं?

सातारा-सांगलीकडच्या कुणाच्या घरी टंकलिखित प्रत असेल तर मूळ कागद हातचा सोडू नका, मोबाईलवरचा फोटो पुरे. घराचं नाव तुमच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही. नुसता फाईलचा क्रमांक कळला तरी मी दिल्लीला जायला तयार आहे.