सासूबाईंनी विणलेल्या स्वेटरची उंची वाढवता येईल का?

प्रश्न (ओझर, नाशिक):
लेकाचा मोरपंखी स्वेटर खांद्याला, छातीला अजून छान बसतो, पण उंचीला तोकडा पडतोय. सकाळची शाळा, डिसेंबरातली थंडी, हात वर केला की पोट उघडं पडतं. सासूबाईंना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी विणणं सोडलंय. स्वेटर खालून वर विणलेला आहे, अंग साधं सुलट, काठ एक सुलट एक उलट. मेन रोडला तोच रंग शोधला, मिळाला नाही. काठ खालून उसवून पुढे विणता येईल का? मला साधी वीण येते.

उत्तर १:
उसवू नका. आहे त्या काठाला खालून टाके उचला आणि दुसरा काठ विणा. काम सोपं होईल.

उत्तर २ (गंगापूर रोड):
ताई, काठाखाली काठ नको. जुना काठ मध्येच कंबर आवळेल आणि त्याखालचा भाग फुगेल. आणि जिथे टाके घातले त्या बाजूने असा काठ उसवत नाही, धागा टाक्याटाक्याला अडकतो.

काठ वरून सोडवा. आधी दोन्ही कडेच्या शिवणी काठाच्या जरा वरपर्यंत उसवा. काठाच्या वर सुलट भागात दोन-तीन ओळी सोडा आणि पुढच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय (टाका V सारखा दिसतो, त्याची उजवी बाजू) बारीक सुईवर घ्या. बारा नंबरची चालेल, आपल्याकडे नंबर मोठा तितकी सुई बारीक. सगळे टाके सुईवर आले की त्याच्या लगेच खालच्या ओळीत मधोमध एकच टाका कापा. तो धागा टाक्याटाक्यातून ओढत दोन्ही कडांपर्यंत काढा. काठ सुटा होईल, वरचा एकही टाका निसटणार नाही. असंच मागच्या भागाचं.

आता खाली विणत जा. वीण अर्ध्या टाक्याने सरकते, पण साध्या सुलट विणीत ते दिसत नाही. वेण्या असत्या तर दिसलं असतं. एखादा टाका कमी भरला तर कडेला वाढवा.

रंग जुळवत फिरू नका. कंपनी तीच असली तरी लॉट बदलतो, शिवाय जुनी लोकर धुऊन उतरलेली असते. जवळपासचा रंग चुकल्यासारखा दिसतो, वेगळा रंग मुद्दाम घेतलेला दिसतो. तेवढ्याच जाडीच्या मोहरी लोकरीचा पट्टा विणा आणि शेवटचा काठ सासूबाईंच्याच लोकरीचा करा. सुटलेला काठ वरच्या बाजूने सरसर उसवेल. ती लोकर नागमोडी असेल, म्हणून लड करून कोमट पाण्यात भिजवा आणि हलकं वजन लटकवून वाळवा.

सुया कितीच्या होत्या ते सासूबाईंना नक्की विचारा. तरीही आधी छोटा तुकडा विणून मोजा, प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो.

प्रश्नकर्ती:
अंग दहा नंबरवर, काठ बारावर, सासूबाईंनी लगेच सांगितलं! बाह्याही आखूड झाल्यात, त्यांचं काय करू?

उत्तर २:
तसंच. मनगटाचा काठ सोडवा, तोच मोहरी पट्टा घाला, म्हणजे अंगाशी जुळेल. मनगटाजवळ टाके कमी-जास्त करू नका, सरळ विणा. टाके बंद करताना जाड सुई घ्या, नाहीतर हात आत जाणार नाही. लोकर ॲक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात लावू नका, वीण चपटी पडली की पुन्हा उठत नाही.