तिसरी गाडीही त्याच कंपनीची घेतली, आता विश्वास उडालाय

घोडबंदरी
बाबांची, मग दादाची, आता माझी. घरात एकाच कंपनीच्या गाड्या. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. माझी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे, म्हणजे दोन क्लच आलटूनपालटून आपोआप गिअर बदलतात. संध्याकाळी ठाण्यात माजिवड्याच्या पुढे गाडी रांगायला लागली की स्क्रीनवर मेसेज: गिअरबॉक्स तापलाय, गाडी बाजूला घ्या. बाजूला म्हणजे कुठे? एकीकडे बॅरिकेड, दुसरीकडे कंटेनर. सर्व्हिस सेंटरने आधी सॉफ्टवेअर अपडेट केलं, मग क्लच बदलला, मग मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा कंट्रोल भाग. आता जॉबकार्डवर लिहून मिळतं, 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही'. ती ड्राइव्ह भर दुपारी, रिकाम्या सर्व्हिस रोडवर! यंत्र आहे, बिघडणारच. पण वर 'सगळ्यांच्याच गाड्यांना होतं साहेब' म्हणाले, तिथे मन उतरलं.

ऐरोलीकर काका
यात कंपनीला कशाला शिव्या? ड्राय क्लच असेल तर तो तेलात नसतो, हवेवरच थंड होतो. इंचाइंचाने गाडी सरकवलीस की अर्धवट पकडीत घासत राहतो, तापणारच. पुढे दोन गाड्यांची जागा सुटू दे, मग एकदम पुढे जा. माझी तसलीच आहे, ठाणे-बेलापूर रोडवर कुरकुर नाही.

घोडबंदरी
काका, दोन गाड्यांची जागा सोडली की त्यात तीन रिक्षा शिरतात.

वाशीची वैशाली
काकांचं तांत्रिक बरोबर, पण निष्कर्ष पटला नाही. गाडी इथे विकायची, तर इथल्या ट्रॅफिकचा विचार कंपनीनेच करायचा. गिऱ्हाइकाने काय घोडबंदर रोड बदलायचा? आणि विकताना सेल्समन हे सांगतो का? तो सनरूफ उघडून दाखवतो.

वागळे गॅरेज
बाबांच्या गाडीवरून या गाडीची परीक्षा करू नका. बोनेटवरचा लोगो तोच, आतला गिअरबॉक्स निराळा. डिझेलचंही तसंच. २०२० ला बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यापासून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरल्याच्या तक्रारी घेऊन लोक येतात. गाडी शहरातच फिरते, हायवेचा सलग वेग मिळत नाही, मग काजळी जळणार कशी? कुठलीही कंपनी घ्या.

कायदेप्रेमी
चर्चा पुरे, जॉबकार्डं जपा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ठाण्याचा जिल्हा आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच चालतं. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. पुढच्या वेळी मेसेज आला की स्क्रीनचा फोटो काढा, किलोमीटर दिसतील असा. बाजूच्या सीटवरच्याला काढायला सांगा, हे वेगळं सांगायला नको.

ऐरोलीकर काका
तारखा घेत बसण्यापेक्षा विकून टाक आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक घे, तिच्यात गाडी सरकताना क्लच घासण्याऐवजी तेलातून ताकद जाते. त्याच कंपनीची मिळते.

घोडबंदरी
त्याच कंपनीची? काका, शेअर घेतलेत का त्यांचे?