पूनम गेटला धरणं: «संस्था नको, घरी मदतनीस द्या» हे निवेदनात कसं मांडायचं?

तुळजापूर_वेस:
सोलापूर जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर मे महिन्यात एक दिवसाचं धरणं आहे. वीसेक जण, त्यात आठ व्हीलचेअर. मागणी एवढीच, की दिव्यांगांसाठी नवं वसतिगृह नको, तो पैसा घरी येणाऱ्या मदतनीसावर खर्च करा. कोणती कलमं घालू? आणि उन्हाचं काय?

आवक_जावक:
नुसतं कलम 5 घालू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ते कलम समाजात राहण्याचा हक्क देतं खरं, पण सोयींबाबत सरकार «प्रयत्न करील» यावरच थांबतं. साहेब लोक नेमके त्या शब्दाआड दडतात. जोडीला कलम 38 घ्या. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने संघटना, अधिक आधारासाठी अर्ज करू शकते. म्हणून निवेदन एकच, पण मागे प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज: उठवणं, आंघोळ, शौच, बाहेर नेणं, कशाला रोज किती तास. मोघम लिहाल तर उत्तरही मोघम येईल. आवक क्रमांकासह पोच घ्याच, नाहीतर पुढे दिव्यांग आयुक्तांकडची तक्रार कच्ची राहते.

पाच_टक्के:
महापालिकेला वेगळं पत्र द्या, स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी तिच्या हातात असतो. अमेरिकेत अडॅप्ट ही दिव्यांगांची संघटना 1983 मध्ये डेन्वर शहरात उभी राहिली, देशभरच्या बसमध्ये व्हीलचेअरसाठी लिफ्ट हवी म्हणून. 1990 चा तिथला दिव्यांग हक्क कायदा आल्यावर त्यांनी रोख बदलला: नर्सिंग होमवरच्या सरकारी खर्चातला चौथा हिस्सा मदतनीसांकडे वळवा. नवा पैसा मागितलाच नाही. आकडा हातात असला की बोलणी पुढे सरकतात.

सावली_आधी:
मे म्हणजे 42-43 अंश. मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्याखाली घाम जवळजवळ येत नाही, अंग तापत जातं आणि लक्षात येईपर्यंत चक्कर आलेली असते. मांडव, स्प्रेची बाटली, मानेवर ओला पंचा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडतात, ते अजिबात नको. दर 15-20 मिनिटांनी खुर्चीत वजन बदला. सतरंजीवर बसवलंत तर कातडी लाल होऊन जखमच व्हायची. शौचालयाची पायरी आधी मोजा: 6 इंचाला 6 फूट लांब रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकली तर खुर्ची मागे उलटते.
वेळ 9 ते 12 ठेवा. पावणेदहाच्या आत निवेदन घ्यायला कुणी नसतं, आणि शनिवारी कचेरी बंद. पोलिसांची परवानगी लेखी घ्या, स्पीकरचीही.